मेलेल्या बैलाचे पैसे

मी डॉक्टर नव्हते, कंपाउंडरही नव्हते. रामनगरच्या बाजारात जनावरांचा एक खाजगी दवाखाना होता, तिथं मी पैसे घ्यायला बसत होते. लग्न करून खानापूरकडून इथं आले, पुढं नवऱ्याची लाकडाच्या अड्ड्यावरची नोकरी गेली, आणि घर चालवायला मी त्या टेबलामागे जाऊन बसले. दवाखाना बंद होईपर्यंत तिथंच होते. लोक मला सुमनअक्का म्हणत. जंगलातल्या गावांतून येणारी माणसं डॉक्टरांसमोर हात जोडून गप्प उभी राहत, आणि जे त्यांच्याशी बोलता यायचं नाही ते बाहेर येऊन माझ्याशी बोलत.

ते बोलणं बहुतेक वेळा एवढंच असायचं, ‘किती होतील?’

माणसांच्या दवाखान्यात आधी ‘वाचेल ना?’ असं विचारतात. आमच्याकडं उलटं होतं. दारात टेम्पोमध्ये गाय कण्हत पडलेली असायची आणि मालक तिच्याकडं पाठ करून माझ्यासमोर उभा असायचा. तो निष्ठुर असायचा असं कुणी समजू नये. तिच्याजवळ बसून, तिच्या पाठीवरून हात फिरवून, तोंडाशी पाणी धरून, सगळं करून झाल्यावरच तो इथवर आलेला असायचा. पण गाईला बाजारात एक किंमत असते, औषधाला एक असते, आणि दोन्ही त्याला ठाऊक असतात. बैल म्हातारा आणि औषध महाग असलं की माणूस थोडा वेळ खांबाला टेकून उभा राहायचा आणि मग म्हणायचा, ‘न्हेतो मग परत.’ टेम्पो वळताना मी खाली बघून काहीतरी लिहीत असल्यासारखं करायची.

डॉक्टरांना हे सहन व्हायचं नाही. आतून ओरडायचे, ‘सुमन, आधी जनावर उतरवून घ्यायला सांग. पैशाचं नंतर बोल.’ नंतर बोलायचं ते मला. माझी नोकरी म्हणजे तो ‘नंतर’ होता.

तालुक्यात सरकारी दवाखाना होता, तिथं पैसे पडत नसत. पण डॉक्टर एक आणि गावं कुठल्या कुठं, घाटाच्या कडेपर्यंत विखुरलेली. ते कुठं कुठं पुरे पडणार? म्हणून लोक आमच्याकडं येत. आमचे डॉक्टरही मोटारसायकलवर पेटी बांधून गुंद, दिग्गी, जिथवर रस्ता आहे तिथवर जात, आणि पुढं चालत.

उधारी कशी चालते ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसू येईल. कुणाचे पैसे भात झाल्यावर यायचे, कुणाचे काजू विकल्यावर. दूध घालणाऱ्यांचे डेअरीचं बिल निघालं की यायचे. बऱ्याच घरांतला एकेक मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला असतो. त्याचा पगार झाला की तो तिकडून मोबाइलवर पाठवायचा, आणि इथं त्याच्या बापाला पत्ताच नसायचा, कारण गावात रेंज नाही. म्हातारा पंधरा दिवसांनी ओशाळून माझ्यापुढं यायचा, ‘अक्का, अजून जमलं न्हाई बगा.’ मी सांगायची, ‘अहो, मुलानं कधीच दिले.’ तेव्हा त्याच्या तोंडावर जे यायचं, त्यासाठी ती नोकरी करावीशी वाटायची.

काहीजण पैशाच्या जागी वस्तू आणत. मध, कोकम, जंगलाकडच्या परसातले कंद. एकदा माझ्या टेबलाखाली पाय बांधलेला कोंबडा बसलेला होता आणि समोर गोव्याला निघालेली एक बाई केसाळ कुत्रं मांडीवर घेऊन बसली होती. कुत्र्याच्या कानात गोचीड गेली होती, तेवढंच. त्या बाईनं किती होतील हे विचारलंच नाही. मोबाइल काढून भिंतीवरच्या क्यूआर कोडच्या चौकोनापुढं धरला आणि मी सांगितले तेवढे देऊन गेली. कोंबडेवाला दारात उकिडवा बसून सगळं बघत होता. म्हणाला, ‘कुत्र्याचं नशीब हाय.’ त्यात चिडणं नव्हतं. हवापाण्याबद्दल बोलावं तसा बोलला.

या धंद्यातली सगळ्यात अवघड वसुली म्हणजे उपचार करूनही मेलेल्या जनावराची. वाचलेल्या गाईचे पैसे लोक आज ना उद्या देतात, ती रोज दूध देत समोर उभी असते. मेलेल्या जनावराचं काय? गोठ्यातला खुंटा रिकामा, औषध जमिनीत गेलं, आणि वर पैसे. डॉक्टरांनी यावर स्वतःचा एक नियम केला होता. जनावर मेलं तर स्वतःची फी घ्यायची नाही, फक्त औषधाची किंमत घ्यायची, तीही त्यानं आपणहून आणली तर. ‘ज्याच्या घरी जनावर मेलंय त्याच्या दारात मागायला जायचं नाही,’ असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. मी कधी गेले नाही. जावं लागलं ते फक्त एकदाच.

गाठीच्या रोगाची साथ आली तेव्हा आमचा कणा मोडला. जनावराच्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठायच्या, पाय सुजायचे, खाणं बंद. वासरं तर भराभर गेली. डॉक्टर सकाळी निघायचे ते अंधार पडायच्या सुमाराला परतायचे, आणि पेटी रिकामी, खिसाही रिकामा. त्या दिवसांत पैसे मागायला तोंड कुणाला होतं? बेळगावचा औषधाचा व्यापारी आधी महिनाभर थांबायचा, मग आठवडाभर थांबायला लागला, मग म्हणाला, रोख द्या आणि माल न्या. डॉक्टरांनी आपल्या पतसंस्थेतल्या ठेवी मोडल्या. हे मला नलिनीवहिनींनी, त्यांच्या बायकोनं सांगितलं. डॉक्टर याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

साथ ओसरली. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ते आत इंजेक्शन भरत होते आणि मला बाटली फुटल्याचा आवाज आला. आत गेले तर ते स्टुलावर बसलेले, उजवा हात लोंबत होता, आणि मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. तोंडातून नुसता घरघर असा आवाज येत होता. बाहेर टेम्पोत म्हैस आणलेली होती, ती उतरवून त्याच टेम्पोतून आम्ही डॉक्टरांना बेळगावला नेलं. मेंदूत रक्त साकळलं होतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात नलिनीवहिनी मला म्हणाल्या, ‘सुमन, बाहेर आपलं किती असेल?’

‘बरंच आहे, वहिनी.’

‘जितकं येईल तितकं आण. माझ्याजवळ आता काही नाही ग.’

‘मेलेल्या जनावरांचंही?’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘सगळ्यांकडं जा,’ म्हणाल्या.

मी सगळ्यांकडं गेले.

सगळ्यात मोठी रक्कम बाबूशेठकडं होती. रामनगरलाच त्यांचा संकरित गाईंचा गोठा आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, डॉक्टरांची चौकशी करताना त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, ‘सुमनताई, साथीत माझ्या निम्म्या गाई गेल्या. डॉक्टर इथं ह्याच जागी उभे राहून म्हणाले होते, बाबूशेठ, मागचं सगळं सोडा. विचारा त्यांना.’

‘ते बोलू शकत नाहीत हो, शेठ.’

‘तेच म्हणतोय की मी. त्यांना बरं वाटू दे. आमच्या दोघांतलं आहे ते, आम्ही दोघं बघून घेऊ.’

डॉक्टर तसं म्हणाले असतील का? म्हणालेही असतील, त्यांचा स्वभाव तसाच होता. खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस बेळगावला पडून होता आणि त्याची जीभ वळत नव्हती. मी कॉफी पिऊन उठले. बाबूशेठ फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांच्या गोठ्यात खरंच अर्ध्या गव्हाणी रिकाम्या होत्या.

मग मी बसनं गुंदला गेले, सोमाकडं. सोमा कुणबी, थोडी भातशेती आणि जंगलातलं मिळेल ते काम करणारा माणूस. त्याच्या जोडीतला एक बैल साथ सरता सरता गेला होता. त्या बैलासाठी डॉक्टर तिथवर पुन्हा पुन्हा गेले होते, सलाइन लावून त्याच्याजवळ बसून राहिले होते. औषधाची रक्कम लहान नव्हती.

सोमा अंगणात कुंपणाला काट्या बांधत होता. गोठ्यात एक बैल उभा होता आणि शेजारी मोकळी जागा होती. मी डॉक्टरांचं सांगितलं. तो खालीच बसला.

‘आमास्नी कोन सांगितलंच न्हाई,’ म्हणाला. ‘बोलत बी न्हाईत?’

‘नाही. हॉस्पिटलचं बिल मोठं आहे, सोमा. म्हणून आले.’

त्याची बायको, गंगी, काळा चहा घेऊन आली होती. कप माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. ‘अक्का, राग मानू नका,’ म्हणाली, ‘पन बैल तर मेला की. मेल्याल्याचे बी पैसे असत्यात व्हय?’

मला उत्तर येत होतं. औषध विकत आणावं लागतं, ते जगलेल्याला आणि मेलेल्याला सारख्याच किमतीचं असतं, हे मी शेकडो वेळा माणसांना समजावलं होतं. त्या अंगणात मला ते बोलता आलं नाही.

सोमाच तिला म्हणाला, ‘गप ऱ्हा. साहेब हितं मातीत बसलते, बगितलीस न्हवं तू? त्येंचा काय दोष हाय?’ मग माझ्याकडं वळून, ‘देतो, अक्का. बगतो कायतरी.’

‘बगतो’ म्हणणाऱ्यांचे पैसे येत नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी सोमाचं नाव मनातून काढून टाकलं आणि पुढच्या गावांना गेले. कुणी थोडे दिले, कुणी दार लावून घेतलं. एका घरी म्हातारीनं कानातल्या कुड्या काढून पुढं केल्या. त्या मी घेतल्या नाहीत, तिच्या मुठीत परत घातल्या आणि बस पकडली. घेतल्या असत्या तरी हॉस्पिटलच्या एका दिवसाचंही भागलं नसतं, हेही त्या बसमध्ये माझ्या मनात आलं, आणि आलं याची लाज वाटली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सोमा दवाखान्यात आला. मी शटर अर्धं उघडून औषधं आवरत होते. त्यानं सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली.

‘सगळे हायत. मोजून घ्या.’

‘इतके कुठून आणलेस रे?’

‘बैल इकला.’

‘कुठला बैल?’

‘ऱ्हायल्याला. एकटा ठिवून तरी काय करायचं, अक्का? नांगराला जोडी लागती. खायाला मातर एकटा बी तेवडंच मागतोय.’ हे तो मला समजावून सांगत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. मी पैसे परत त्याच्याकडं सरकवले नाहीत. दुपारच्या बसनं ते मला बेळगावला न्यायचे होते, तिथं औषधाच्या काउंटरवर चिठ्ठी अडकून होती. मी मोजले आणि पर्समध्ये घातले.

जाताना तो दारात थांबला. ‘साहेबास्नी ऐकू येतंय न्हवं?’

‘येतं.’

‘मग सांगा त्यांस्नी, सोमा गुंदचा, पैसे दिला म्हणून. माजं ऱ्हायलं न्हाई म्हणून सांगा.’

डॉक्टरांना पुढं घरी आणलं. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचा आली नाही, पण कळत सगळं होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून कोण आलं, कोण भेटलं ते सांगायची. ते डोळ्यांनी ‘पुढं’ म्हणायचे. एक दिवस मी सोमाचा निरोप सांगितला. त्यानं तो इतका मनापासून दिला होता की तो पोचवायलाच हवा असं मला वाटलं. म्हटलं, ‘गुंदच्या सोमानं बैलाचे सगळे पैसे दिले. माझं काही राहिलं नाही म्हणून सांगा, म्हणाला.’

त्यांच्या कपाळाला आठी पडली. सोमाजवळ इतके पैसे कुठले हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते माझ्याकडं बघत राहिले. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि हलवलं.

‘दुसरा बैल विकला,’ मी म्हटलं.

ते मनगट सोडेनात. मग हात उचलून बाहेरच्या दिशेनं केला, पुन्हा केला, पुन्हा केला. नलिनीवहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना लगेच कळलं. ‘परत कुठून देऊ हो?’ म्हणाल्या. ‘हॉस्पिटलात गेले ते. तुमच्या औषधाला गेले.’

डॉक्टरांचा हात खाली पडला. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ते रडत होते, आणि अर्ध्या तोंडानं रडणाऱ्या माणसाचा जो आवाज होतो तो कुणी कधी ऐकू नये असा होता. त्यानंतर मी कोण आलं, कोण भेटलं हे सांगायला लागले की ते डोळे मिटून घेत. काही दिवसांनी मी सांगायचं सोडून दिलं. नुसती बसून यायची.

ते श्रावणात गेले. सगळ्या गावांतून माणसं आली. सोमा आला होता. लांब उभा होता, मला बघून मान हलवली आणि गर्दीत मागं सरला. बाबूशेठनी खांदा दिला आणि लहान मुलासारखे रडले. ते रडणं खोटं नव्हतं, मी शेजारीच होते. त्यांनी पैसे नंतरही दिले नाहीत.

वहिनी मुलीकडं निघून गेल्या. उरलेली औषधं बेळगावच्या व्यापाऱ्यानं आपल्या येण्यात वळती करून घेतली. जाण्याआधी वहिनींनी एका तरुण डॉक्टरला जागा बघायला बोलावलं होतं. नीटनेटका मुलगा, कन्नड आणि मराठी दोन्ही छान बोलणारा. त्यानं मला विचारलं, ‘मावशी, इथं काम आहे का?’

‘काम खूप आहे,’ मी म्हटलं. ‘दिवस पुरणार नाही.’

‘आणि पैसे?’

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी इतकी वर्षं त्या टेबलावर बसलेली बाई, मला खोटं बोलता आलं असतं. तो मुलगा कर्ज काढून शिकला होता हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘येतात. उशिरा येतात. काही येत नाहीत.’ तो बराच वेळ रस्त्यावरचे ट्रक बघत उभा राहिला, चहा प्याला, आणि कळवतो म्हणून गेला. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

वसुलीच्या त्या दिवसांनी माझं एक नुकसान केलं ते भरून आलं नाही. ज्यांच्या दारात मी गेले होते ती माणसं मला बाजारात बघून पलीकडच्या बाजूनं जातात. ज्यांनी पैसे दिले तीही. माझ्याशी भांडण कुणाचंच नाही. मी समोर आले की त्यांना आपापलं मेलेलं जनावर आठवत असेल, दुसरं काय?

गेल्या वर्षी भातकापणी संपत आली असताना एका सकाळी दिग्गीची शेवंती माझ्या घरी आली. साथीच्या आधी एकदोनदा दवाखान्यात आलेली बाई. बसमधून उतरून बाजारात शोधलं, दवाखाना दिसला नाही, तेव्हा कुणीतरी माझं घर दाखवलं. धावत आल्यानं तिला धाप लागली होती.

‘अक्का, म्हस काल व्याली आनि आज उटंना. मान अशी पोटाकडं वळवून पडलीया. कान गार लागत्यात.’

एवढं ऐकलं आणि मला कळलं. व्यायल्यावर सगळं दुधात उतरतं आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. शिरेतून एक बाटली हळूहळू द्यायची, आणि मेल्यासारखं पडलेलं जनावर तासाभरात उठून वैरणीला तोंड लावतं. आमच्या धंद्यातला चमत्कार म्हणायचा तर तो हाच. पण भराभर दिलं तर त्याच बाटलीनं काळीज बंद पडतं. ते हात डॉक्टरचेच लागतात. तोंडातून पाजावं तर पडलेल्या जनावराच्या ते श्वासनळीत जातं.

मी सरकारी डॉक्टरांना फोन लावला. ते तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते, आवाजावरूनच दमलेले वाटले. उद्या सकाळी दिग्गीला येतो म्हणाले. खानापूरकडच्या एका खाजगी डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, एवढं लांब जमणार नाही.

शेवंती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं, अडचण दुसरीच आहे. तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा माझ्यापुढं धरल्या. ‘उदार नको, अक्का. पोरगा गोव्यासनं पाटवलाय. त्यातलेच काडून आनलो मी. लागतील तेवडे घ्या, पन कुनालातरी धाडा.’ आमच्याकडच्या बायकाही असं ‘आणलो, आलो’च म्हणतात.

‘शेवंती, पैशाचं नाही ग. डॉक्टरच नाही.’

‘ज्यादा लागले तरी देतो की.’

मी पुन्हा तेच सांगितलं. तिला ते पटायला वेळ लागला. मग तिनं नोटा एकेक सरळ करून परत पदरात बांधल्या. मी तिला, म्हशीला पोटावर टेकवून बसतं ठेव, आडवी होऊ देऊ नको, डॉक्टर सकाळी येतील, असं सांगत बसथांब्यापर्यंत गेले. ती हो हो म्हणत होती.

सकाळी डॉक्टर आले होते, सांगितल्याप्रमाणे आले होते. म्हैस त्याआधीच गेली होती. हे मला आठवड्यानं बाजारात दिग्गीच्या एका माणसाकडून कळलं. शेवंतीनं पैसे मुलाला परत पाठवले, असंही तो म्हणाला.